शुक्रवारावर थांबलेलं धाकटं घड्याळ

“हात हलला तरच चालनार ना हे? मग मी बसलो की हे पन बसनार,” उमेळ्याचे जयरामबाबा नवं घड्याळ बांधताना म्हणाले. “काहीतरीच असतं तुमचं, बाबा,” म्हणत त्यांच्या मुलीने, निधीने, ते हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, मी बाबांचं जुनं, चावीचं घड्याळ. त्याच दिवशी त्यांच्या मनगटावरून उतरून मी निधीच्या मनगटावर आले. बाबांच्या वाडीत पाणी शिंपता शिंपता माझ्या फुगीर प्लास्टिकच्या काचेवर ओरखडे उठले, पांढरी तबकडी सायीच्या रंगाची झाली. रोज चहाआधी बाबा मला चावी देत. आता माझ्यासारखी घड्याळं हौशी लोक शोधत फिरतात, म्हणून कंपनीने तेच रूप पुन्हा काढलं आणि निधीच्या भावाने, सुरजने, ते बाबांसाठी आणलं.

आम्हा दोघांना शेजारी ठेवलं, तर काटे नि आकडे सारखेच. पण धाकट्याची काच सपाट आणि कठीण, तिच्यावर चरा उठत नाही. माझ्याकडे वार-तारखेची खिडकी नाही, त्याच्याकडे आहे. मला चावी लागते, त्याला हाताची हालचाल पुरते. खरं सांगते, मला त्याचा थोडा हेवाच वाटला.

एका रविवारी निधी आपल्या छोट्या मुलीला, ऋतिकाला, घेऊन एव्हरशाईन सिटीतल्या घरून उमेळ्याला आली. बाबा खुर्चीत बसून होते, डावा हात मांडीवर. धाकट्याच्या खिडकीत मात्र शुक्रवार.

“बंद पडलं की हे.”

“सुरजची खरेदी,” बाबा म्हणाले. “दिसायला नवरदेव, कामाला कोन नाय.”

निधीने त्यांचा हात उचलून पट्टा सोडला. हात जड होता, पण तिचं लक्ष त्या शुक्रवाराकडे. घड्याळ नि ऋतिकाला घेऊन ती रिक्षाने माणिकपूरला दुरुस्तीच्या दुकानाकडे निघाली. वाटेत ऋतिकाने ते तिच्याकडून ओढून घेतलं आणि खुळखुळ्यासारखं हलवलं. खूप हलवलं. निधीने परत घेऊन पाहिलं, तर सेकंदकाटा धावत होता.

घड्याळ चांगलं होतं. मग थांबलं कशाने? तिच्या बोटांना तो जड हात आठवला, आणि बाबांचं बोलणंही.

“दादा, मागे वळवा. उमेळ्याला.”

दारातूनच ती म्हणाली, “बाबा, दोन्ही हात वर करा.”

उजवा वर गेला. डावा मांडीवरून जेमतेम सुटला.

“सांगितलं का नाहीत? फोनवर तर रोज ‘बरा हाय’ म्हणायचात.”

“पोरीच्या शिंकेला पन तू रात्र जागतेस. तुला कसं सांगनार?”

डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे. यायला उशीर झाला, पण दुसरा मोठा झटका येण्याआधी आलात, हात सुधारेल.

आता बाबा सकाळी अंगणात व्यायाम करतात. डाव्या हाताने हलकी झारी उचलतात, आणि त्या हातावर धाकटं पुन्हा चालतं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. मी थांबले असते, तर चावी द्यायची राहिली एवढंच लोकांना कळलं असतं. ते थांबलं, म्हणून बाबांचा हात कळला.

मित्रांनो, आमची निगा राखाच. पण निधी मला चावी देताना रोज जे म्हणते, तेही ऐका. तुमच्या घरचं कोणी फोनवर “बरा हाय” म्हणत असेल, तर आज जाऊन या, आणि चहाचा कप त्यांच्या दोन्ही हातांत द्या.