नानांच्या पुस्तकातली मगर

यावलच्या शाळेत ग्रंथालयाची किल्ली लीलाधर नानांच्या कमरेला लागून एकोणीस वर्षं झाली होती, आणि या एकोणीस वर्षांत नानांनी एकही पुस्तक आधी उघडून पारखलं नव्हतं. याचा कोणी वाईट अर्थ काढू नये. नाना केळीच्या बागा असलेल्या घरातले. व्यापारी बागेत येतो, घडाखाली उभा राहतो, एका केळावरून अंगठा फिरवतो आणि भाव सांगतो. सोलून बघत बसणाऱ्याला तिथे कोणी व्यापारी म्हणत नाही. नानांनी तीच रीत पुस्तकांना लावली. पुस्तक तळहातावर तोलायचं, पाठ दाबून बघायची, मुखपृष्ठ हात लांब करून न्याहाळायचं आणि आत काय आहे ते सांगून मोकळं व्हायचं. नंतर घरी नेऊन वाचायचं, आणि फारच चुकलं असेल तर पुढच्या शुक्रवारी कबूल करायचं. तसं कबूल करायची वेळ दोनदाच आली होती, असं नाना सांगत. मोजणारेही नानाच होते.

पण गेल्या दोन वर्षांत घरी नेऊन वाचणं बंद पडलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पुस्तकातली अक्षरं नानांना पेरलेल्या मोहरीसारखी दिसत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. वाचता न येणाऱ्या ग्रंथपालाच्या कमरेला किल्ली कोण ठेवील?

एकोणनव्वद सालच्या पावसाळ्यात मुख्याध्यापक शालिग्राम सर धुळ्याहून एसटीने एक खोकं घेऊन आले. खोक्यात बावीस नव्याकोऱ्या किशोर कादंबऱ्या होत्या.

"नाना," सर म्हणाले, "टीव्ही आल्यापासून पोरं पुस्तकाला हात लावत नाहीत. दिवाळीआधी जळगावहून साहेब येणार तपासणीला. तोवर ही पुस्तकं कपाटातच बसून राहिली, तर शुक्रवारचा वाचनाचा तास गणिताला देतो. मग मला बोल लावू नका."

"बठ्ठी जातील, सर, एकूण एक," नाना म्हणाले. बोलणं ठामपणाचं होतं, पण तासाची धास्ती होतीच. आठवड्यात एकच तास त्यांचा होता. बाकीचे दिवस ते त्या तासाची वाट बघण्यात घालवत.

शुक्रवारी आठवीचा वर्ग आला. नानांनी वरचं पुस्तक उचललं, तोललं, हात लांब केला. सगळीकडे निळंनिळं आणि मधोमध काहीतरी लांबट, हिरवं. नानांचा अंदाज लगेच बसला.

"हे पाहा," ते म्हणाले. "नदीकाठी एक गाव शे. त्या नदीत एक मगर शे. एक दिवस ती मगर काठावर आली आणि शाळेची पितळी घंटा गिळून गेली. आता घंटाच नाही, तर शाळा सुटणार कशी? तीन दिवस पोरं वर्गात. मास्तरही वर्गात, कारण नियम तो नियम. इकडे मगर पोहायला लागली की पाण्याखालून टण टण. घाटावरच्या बायांना वाटे, शाळा सुटली. त्या घरी जाऊन भाकरी टाकत. पोरं काही येत नसत."

"मग?" मागून कौतिक म्हणाला. हा दोन वर्षं आठवीतच मुक्काम ठोकून होता आणि आजवर त्याने कोणालाही 'मग' विचारलं नव्हतं.

"मग पुस्तक ने. बठ्ठं मीच सांगू तर लेखकानं काय करावं?"

पण कौतिकच्या आधी जैनबचा हात पुढे आला. गाद्या भरणाऱ्या अन्वर पिंजाऱ्याची ही मुलगी पहिल्या बाकावर बसे, आणि तिच्या नजरेतून खडूचा तुकडाही सुटत नसे.

पुढच्या शुक्रवारी ती पुस्तक घेऊन उभी राहिली. "नाना, यात मगर नाही."

"कुठवर वाचलंस?"

"शेवटपर्यंत. दोनदा."

"वरवर वाचलंस, माय. मगर पाण्याखाली राहते. वरून कशी दिसेल?"

वर्ग हसला. जैनब हसली नाही. तिने पुस्तक नानांपुढे धरलं. "या चित्रात काय आहे, नाना?"

"हेच की. मगर."

जैनबने चित्राकडे पाहिलं. तिथे एक हिरवी नाव होती, नावेत वल्हं धरलेली एक मुलगी. मग तिने नानांकडे पाहिलं, आणि त्यांच्या बुबुळांवरची दुधाळ झाक तिला दिसली. तिने पुस्तक मिटलं. पुढे वाद घातला नाही, एवढ्यावरून नानांनी ओळखलं की हिला कळलं.

"आण इकडं," कौतिक म्हणाला. "मी शोधतो मगर."

कौतिकलाही मगर सापडली नाही, पण ती न सापडायला त्याला सगळं पुस्तक वाचावं लागलं. तोवर नानांनी दुसऱ्या पुस्तकात एक उंट घातला होता, जो फक्त अमावास्येला खोटं बोले. तोही आत नव्हता. मग पोरांना नादच लागला. नानांनी सांगितलेलं पुस्तकात नाही हे सिद्ध करायला मधल्या सुट्टीत पानं उलटली जाऊ लागली. घटस्थापनेपर्यंत कपाट रिकामं झालं, आणि रिकाम्या कपाटाला कुलूप लावावं की नाही हा प्रश्न नानांना पहिल्यांदाच पडला.

साहेब आले ते नेमके शुक्रवारी. शालिग्राम सरांनी रिकामं कपाट असं दाखवलं, जणू ते त्यांनीच रिकामं केलं. साहेब मात्र मुरलेले. त्यांनी बाकावरचं पुस्तक उचललं. तेच निळं.

"ग्रंथपाल, माझी मुलगी सातवीत आहे. तिला हे न्यावं म्हणतो. काय आहे यात?"

खरं काय आहे ते नानांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. तोंडातून मगर निघाली. घंटा निघाली. साहेब ऐकत आहेत असं दिसल्यावर मास्तरांना वर्गातच दाढी उगवली, हेही निघालं.

साहेब जैनबकडे वळले. "तू वाचलंस हे?"

"हो, साहेब."

"असंच आहे?"

नानांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

जैनब सावकाश उभी राहिली. "साहेब, यात एका मुलीचे नावाडी वडील आजारी पडतात. पुरात लोकांना पलीकडं न्यायला तीच नाव वल्हवते. तिला फार भीती वाटते. तरी ती जाते." मग ती थांबली. "नाना सांगतात तेवढं सगळं पुस्तकात मावलं नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना काय समजलं, काय नाही, हे कोणाला कळलं नाही. "मावलं नाही, तर पाहू," एवढंच म्हणून त्यांनी पुस्तक बॅगेत टाकलं.

शुक्रवारचा तास राहिला. वर्ग सुटल्यावर जैनब मात्र जागची हलली नाही.

"नाना, धुळ्याला डोळ्यांचं शिबिर आहे. अब्बा सांगत होते. तुम्ही जा. नाहीतर पुढच्या वेळी मी मगर नाही म्हणून सांगेन."

"मास्तराला धमकी देतेस?"

"हो, नाना."

नाना गेले. दिवाळीनंतर जाड भिंगांचा चष्मा लावून परतले, तेव्हा टेबलावर साहेबांचं पाकीट होतं. आत निळं पुस्तक आणि चिठ्ठी: मुलीने मगरीसाठी सबंध पुस्तक वाचलं, मगर मिळाली नाही, ती कदाचित दुसऱ्या पुस्तकात असेल, तरी दुसरं पाठवावं.

नानांनी दार लावून घेतलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचलं. पुराच्या पानावर त्यांनी चष्मा दोनदा काढला.

शुक्रवारी वर्ग आला. नव्या चष्म्याकडे पाहून जैनबने विचारलं, "वाचलं, नाना? कसं आहे?"

"चांगलं शे," नाना म्हणाले. त्यांनी पुस्तक तळहातावर तोललं, पाठ दाबून बघितली. "फार चांगलं शे. फक्त मगर घालायची तेवढी राहिली."