नादकाट्याची साक्ष

त्या बाईंचा डावा कान गेला आहे हे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी मला कळले. मित्रांनो, मी पोलादाचा एक जुना नादकाटा आहे. वर दोन पाय, खाली दांडी. मला रबरावर आपटले की मी गुणगुणतो. एवढेच माझे काम.

मी आणि माझा जुळा भाऊ एकाच कांबीतून घडलो. चाळीस वर्षे आम्ही एका कानाच्या डॉक्टरांकडे आहोत. पूर्वी आमचा थाट होता. येणारा प्रत्येक कान आधी आम्हाला भेटे. मग तपासणीचे विजेचे यंत्र आले आणि आम्ही खणात गेलो. आम्हाला पुसून ठेवायचे काम डॉक्टरांच्या पत्नीचे होते. त्या वारल्यापासून डॉक्टर स्वतः पुसतात. नीट पुसत नाहीत, पण पुसतात.

त्या दिवशी यंत्र दुरुस्तीला गेले होते, म्हणून मला बाहेर काढले. बाई एका मोठ्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करत. चादर करपली म्हणून मुकादमाने त्यांच्या डाव्या कानशिलात लगावली होती. सरकारी दवाखान्यात नोंद झाली, "गालावर लाली, मार किरकोळ." पोलिसांनीही तेच उतरवून घेतले. पाच दिवसांनी नवरा त्यांना आमच्याकडे घेऊन आला.

"डॉक्टर, डावीकडून हाक मारली की ही उत्तरच देत नाही. मला वाटलं रुसलीये."

"रुसायला तुम्ही काही बोलता तरी का?" बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला त्यांच्या डाव्या कानाशी धरले. मी जीव तोडून वाजलो. बाईंनी मान हलवली, काहीच नाही. मग माझी दांडी कपाळाच्या मधोमध टेकवली.

"उजवीकडे ऐकू येतंय," त्या म्हणाल्या.

डॉक्टर खुर्चीत बसले. "नुसता पडदा फाटला असता तर कपाळावरचा आवाज डावीकडेच जास्त आला असता, आणि पडदा भरूनही आला असता. मार आत लागलाय."

सहा महिने औषध झाले. यंत्रावरही तीनदा तपासले. कान परत आला नाही.

खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकीलबाई दवाखान्यात आल्या. नवऱ्याने त्यांना विचारले, "ताई, एका थपडेचं कायद्यात असं काय मोठं होणार?"

"नुसता हात उगारला आणि समोरच्याला वाटलं की आता बसणार, तरी गुन्हा होतो," त्या म्हणाल्या. "हात लागला तर पुढची पायरी. दुखलं तर दुखापत. आणि हाड मोडलं, डोळा गेला किंवा कान कायमचा गेला, तर गंभीर दुखापत. आपल्याला ती शेवटची पायरी सिद्ध करायचीय. किरकोळ ठरलं, तर मुकादम उद्या पुन्हा हिच्या डोक्यावर उभा."

कोर्टात मुकादमाचे वकील ऐटीत उठले. "साहेब, यंत्राचं बटण या बाईंच्याच हातात होतं. ऐकू आलं तर दाबायचं. यांनी दाबलंच नाही! जे ऐकायचं नाही ते ऐकू येत नाही, असा हा आजार आहे." लोक हसले. बाई मान खाली घालून बसल्या.

न्यायाधीशांनी डॉक्टरांना विचारले, "सोंग ओळखायचा काही उपाय आहे?"

डॉक्टरांनी खिशातून आम्हा दोघांना काढले. वकील म्हणाले, "आधी माझ्यावर करा. मी डाव्या कानाने बहिरा. बघू मला कसं पकडता."

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले. भावाला डाव्या कानापासून चार बोटांवर धरले, मला उजव्या कानापासून वीतभर लांब. दोघेही एकदम वाजलो. आमचा सूर एकच, त्यामुळे माणसाला जवळचा तेवढा ऐकू येतो.

"काहीच ऐकू येत नाही," वकील ठसक्यात म्हणाले.

"वकीलसाहेब, उजव्या कानाशीही एक काटा वाजतोय. तो कान तर चांगला आहे ना तुमचा?"

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनीही रुमाल तोंडाला लावला. बाईंना तोवर बाहेर बसवले होते; मग त्यांची पाळी आली. डोळे मिटलेले, भाऊ डावीकडे जवळ, मी उजवीकडे लांब. आयुष्यात इतका नीट मी कधी वाजलो नव्हतो.

बाईंनी मान उजवीकडे वळवली. "उजवीकडे वाजतंय," त्या म्हणाल्या. "बारीक आहे, पण वाजतंय."

भाऊ त्यांच्या डाव्या कानाशी ओरडत होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. तो कान चालू असता तर भावाच्या आवाजात माझा बारीक आवाज त्यांना ऐकूच आला नसता; असे सोंग कोणालाच करता येत नाही.

महिन्याने निकाल लागला. गंभीर दुखापत सिद्ध झाली. मुकादम तुरुंगात गेला. निकालपत्रात "दोन नादकाटे" असे शब्द आहेत. डॉक्टरांनी ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवले आणि त्या संध्याकाळी आम्हाला अगदी लखलखीत पुसले. बाई लाँड्रीत परतल्या तेव्हा इस्त्रीवाल्या सगळ्या जणी उभ्या राहिल्या. टाळ्या इतक्या झाल्या की एका कानालाही पुष्कळ होत्या!

मित्रांनो, गालावरची लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून मार किरकोळ समजू नका. कानशिलात बसली असेल तर कान तपासून घ्या आणि तपासणीचा कागद जपून ठेवा. कोणी तुमच्यावर हात उगारला तर तेही सांगा.

टाळ्या थांबल्यावर एका इस्त्रीवालीने बाईंना बाजूला घेतले. "मलाही त्यानेच मारलं होतं गं, दोन वर्षांपूर्वी. कानात सारखी शिट्टी वाजते." बाईंनी तिला आमचा पत्ता दिला. ती अजून आलेली नाही. तिचा कान तपासायचा राहिला आहे.