लिफ्ट चालू आहे

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे भोंगा म्हणतात. लहानपणी तो रडायला लागला की शेजारचे धावत यायचे, घरात काय झालं म्हणून. पुढे तो निवडून आला, विरोधी बाकांवर बसला आणि वर्तमानपत्रं त्याला तोफ म्हणायला लागली. तोफ वगैरे काही नाही, आमचा भोंगाच तो. पण त्या दिवशी मला भोंगाच हवा होता, म्हणून मी वॉर्डातूनच त्याला फोन लावला.

त्या दिवशी आम्ही एका गवंड्याचा चांगला पाय मोडला होता.

सरकारी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर हाडांचा वॉर्ड आहे आणि मी तिथली इन्चार्ज सिस्टर. पाय मोडलेली माणसं तिसऱ्या मजल्यावर ठेवायची ही अक्कल कुणाची, ते मला एकोणतीस वर्षांत कळलेलं नाही. लिफ्ट होती तोवर निभत होतं. चौदा महिन्यांपूर्वी ती बंद पडली. एक्स-रे तळमजल्यावर, आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही. म्हणून आम्ही पेशंटला लाकडी खुर्चीत बसवतो, चादरीने बांधतो आणि चौघं मिळून खाली उतरवतो. गवंड्याच्या डाव्या पायाला प्लास्टर होतं. खुर्चीची मागची उजवी बाजू माझ्या हातात होती. दुसऱ्या वळणावर एका पायरीची कड फुटलेली आहे. तिथे माझी चप्पल सरकली, खुर्ची कलंडली आणि त्याचा उजवा पाय कठड्याच्या गजांत अडकून मोडला. मोडल्याचा आवाज मी ऐकला.

शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, "सिस्टर, एक मोडका घेऊन आलो होतो, तुम्ही जोडी लावून दिलीत."

हसत म्हणाला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात भर म्हणजे वॉर्डाच्या खिडकीतून समोरचं कारंजं दिसतं. सरकारने त्याच वर्षी चौकात बसवलेलं, सात रंगांचं. लिफ्टला पैसे का नाहीत, तर काटकसरीचं परिपत्रक निघालेलं. दोन वर्षं कुठलीही दुरुस्ती करायची नाही, आर्थिक शिस्त. कारंज्याला ही शिस्त नाही, कारण अर्थमंत्र्यांच्या मते दुरुस्ती हा खर्च असतो आणि नवं बांधकाम ही गुंतवणूक असते. म्हणजे जुनी लिफ्ट बंद पडू द्यायची आणि पेशंटने खिडकीतून गुंतवणूक बघायची.

हे सगळं मी भोंग्याला सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, यावरूनच कळलं की तो पेटलाय. आठवडाभरात त्याने सभागृहात प्रश्न टाकला. रुग्णालयाची लिफ्ट चौदा महिने बंद आहे हे खरे आहे काय, असल्यास तिच्या दुरुस्तीला निधी का नाही, आणि त्याच काळात कारंज्यावर किती खर्च झाला.

उत्तराच्या दिवशी सकाळीच छापील कागद त्याच्या हातात पडला. पहिल्या प्रश्नाखाली लिहिलं होतं, हे खरे नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याखाली, प्रश्न उद्भवत नाही. फोनवर तो एवढा ओरडला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मी म्हटलं, हा घसा सभागृहासाठी राखून ठेव.

अकरा वाजता आम्ही वॉर्डातला टीव्ही लावला. सगळ्या खाटा टीव्हीकडे तोंड करून. गवंड्याच्या पाठीला मी दोन उशा लावल्या. सिस्टरचा भाऊ आपल्यासाठी बोलणार, हे त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

भोंगा उठला आणि छान बोलला. अर्थमंत्री म्हणतात विकासदर वर गेला, तो म्हणाला, गेला असेल, आमची लिफ्ट तेवढी खाली राहिली. वॉर्डातले सगळे हसले. मग आरोग्यमंत्री उठले. हा माणूस कधी आवाज चढवत नाही. त्यांनी कागदांचा एक गठ्ठा वर धरला.

"अध्यक्ष महोदय, हे त्या वॉर्डाचे चौदा महिन्यांचे सुविधा तक्ते. प्रत्येकात लिफ्टसमोर 'चालू' असं लिहिलेलं आहे. खाली सही तिथल्या इन्चार्ज परिचारिकेची आहे, आणि या परिचारिका सन्माननीय सदस्यांच्या सख्ख्या भगिनी आहेत. सभागृहाने विश्वास कुणावर ठेवायचा, भावावर की बहिणीवर?"

सत्ताधारी बाकांवर हशा पिकला. बाकं वाजवली त्यांनी. कॅमेरा भोंग्यावर गेला. त्याचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. चाळीस वर्षांत मी त्याला असं पाहिलेलं नाही.

गवंड्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तुम्ही लिहिलंत चालू?"

मी हो म्हटलं. त्याने पाठीची एक उशी काढून बाजूला ठेवली आणि डोळे मिटले.

तो तक्ता काय असतो, ते सांगितलंच पाहिजे. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक वॉर्डाने तो भरायचा. पाणी, वीज, ऑक्सिजन, लिफ्ट. समोर चालू किंवा बंद. लिफ्ट बंद पडली त्या महिन्यात मी 'बंद' लिहिलं होतं. अधीक्षकांनी तक्ता परत पाठवला. वर लाल शाईत, कृपया दुरुस्त करून पाठवावा. म्हणजे तक्ता, लिफ्ट नव्हे. 'बंद' असेल तर रुग्णालयाचा दर्जा घसरतो आणि दर्जा घसरला की अनुदान कमी होतं, हे त्यांनी मला बोलावून समजावलं. मी नवा तक्ता घेऊन 'चालू' लिहिलं. दुसऱ्या महिन्यातही तेच झालं. तिसऱ्या महिन्यापासून मी मागच्या तक्त्याची झेरॉक्स काढायची, तारीख बदलायची, सही करायची. सगळे वॉर्ड तेच करतात. लाल शाईचे ते दोन्ही कागद मी फाडून टाकले, टेबलावर पसारा नको म्हणून.

आणि गंमत बघा, भोंग्याला फोन करताना मला या तक्त्यांची आठवणसुद्धा झाली नाही. खोटं लिहितोय असं कधी वाटलंच नव्हतं, मग आठवणार काय. ज्या हातांनी खुर्ची धरत होते त्याच हातांनी सही करत होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. दळणारी मीच होते.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. तो स्वयंपाकघरात उभा राहून पाणी पीत होता, एकामागून एक ग्लास. मला बघितल्यावर त्याने ग्लास ओट्यावर आपटला. मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर, म्हणाला. अख्ख्या सभागृहात माझी लाज गेली, आणि ती तू घालवलीस. मी ऐकून घेतलं. खरंच होतं ते.

मग तो खुर्चीवर बसला, आणि बसला तेव्हा त्याचा आवाज खाली आला. पक्षाच्या वकिलाशी बोलणं झालं होतं. मार्ग निघत होता. मी फक्त एवढंच म्हणायचं, की तक्त्यांवरची सही माझी नाही, अधीक्षकांनी कुणाकडून तरी करून घेतली. हस्ताक्षरतज्ज्ञ येईल, चौकशी दोन वर्षं चालेल, तोवर सरकारला घाम फुटेल.

"म्हणजे पंधरावा तक्ता भरू?" मी विचारलं.

"ताई, तुझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. कबूल केलंस तर ते तुला घरी बसवतील. मंत्र्याला काही होणार नाही, अधीक्षकालाही नाही. मरशील तू एकटी."

"त्या गवंड्याने माझ्यासमोर डोळे मिटून घेतले. तू होतास तिथे?"

मी त्याच्याच वहीचा कागद फाडला आणि लिहिलं. लिफ्ट चौदा महिने बंद आहे. ती चालू आहे असं मी चौदा वेळा लिहून दिलं. सह्या माझ्या आहेत. पहिले दोन तक्ते मी खरे भरले होते, ते परत आले, आणि ते मी फाडले म्हणून पुरावा नाही. खुर्ची माझ्या हातून सुटली आणि एका माणसाचा धड पाय मोडला. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण लिफ्ट सुरू करा. इतर वॉर्डांचेही तक्ते काढून बघा.

उद्या हे वाच, मी म्हटलं. तो नाही म्हणाला. पण कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. जाताना मी त्याला बजावलं, की ओरडून वाचू नकोस.

त्याने ओरडून वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी टीव्ही लावला नव्हता, लावायला सांगितला तो गवंड्याने. भोंगा इतका हळू वाचत होता की आवाज वाढवावा लागला. 'माझ्या बहिणीचं पत्र आहे' एवढंच म्हणून त्याने सुरुवात केली. आधी बाकांवरून कुणीतरी हसलं, मग हसणं थांबलं. मंत्री म्हणाले, चौकशी करू. दुपारी गवंड्याने माझ्याकडे पाणी मागितलं. आदल्या दिवसापासून तो माझ्याकडे काहीच मागत नव्हता.

तिसऱ्या दिवशी माझ्या निलंबनाचा आदेश आला. लोक म्हणाले, चोर सोडून संन्याशाला फाशी. मी कुठली संन्याशीण, मीही चोरच, फक्त सगळ्यांत लहान. मोठे चोर कारंज्याचं उद्घाटन करून घरी गेले.

दोन महिन्यांनी पुढचं अधिवेशन भरलं. भोंग्याने तोच प्रश्न पुन्हा टाकला होता. उत्तराचा कागद घेऊन तो माझ्याकडे आला आणि समोर ठेवला. लिफ्ट बंद आहे हे खरे आहे काय? होय, हे खरे आहे. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? संबंधित परिचारिकेस निलंबित करण्यात आले आहे. लिफ्ट केव्हा सुरू होणार? काटकसरीचे धोरण पाहता, बाब विचाराधीन आहे.

मी दोनदा वाचलं. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. भोंगा खिडकीशी उभा होता. पुढचा प्रश्न काय विचारू, असं त्याने विचारलं. लहान असताना गणित अडलं की असाच उभा राहायचा.

"विचारत राहा, तुझं कामच आहे ते," मी म्हटलं. "पण उद्या सकाळी आठला रुग्णालयात ये. गवंड्याचं प्लास्टर काढायच्या आधी त्याला खाली एक्स-रेला न्यायचंय. माझ्या जागी त्यांनी कुणाला दिलेलं नाही, खुर्चीला एक माणूस कमी आहे. मी गेले तर मला दारावर अडवतील. तुला नाही अडवणार."

"आणि फोटोवाले?"

"एक जरी आणलास तरी तुझं तोंड बघणार नाही."

तो एकटा आला. मी फाटकाबाहेर उभी होते, तिथून काचेतून जिना दिसतो. चौघांनी खुर्ची उचलली. मागची उजवी बाजू भोंग्याच्या हातात होती. पहिल्या वळणावर त्याचा चेहरा लाल झाला, दुसऱ्यावर येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. गवंडी मान मागे करून त्याला काहीतरी म्हणाला आणि सगळे तिथेच थांबले. काय म्हणाला ते भोंग्याने मला नंतर सांगितलं.

"साहेब, जपून. इथली पायरी अजून तशीच आहे."