शेवटच्या रांगेतलं मेंडोलिन

तिवश्याच्या कार्यक्रमात देवमनचं मेंडोलिन पहिल्या रांगेपलीकडं कोणाला ऐकूच गेलं नव्हतं. ढोलकीनं अन् पेटीनं त्याला पार गिळून टाकलं. गायन पार्टीचे म्होरके मोतीराम तेव्हाच कडाडले, "परतवाड्यालेबी असंच झालं, तं तुयं मेंडोलिन बंद! बासरीवाला घेतो मी."

अन् परतवाड्याचा कार्यक्रम उद्यावर आलेला. अकोल्यातल्या वाद्यांच्या दुकानात देवमनला घाम फुटला होता. सोबत बायको पंचफुला, पार्टीची गाणारी. नव्या मेंडोलिनासाठी पार्टीनं वर्गणी करून दिली होती. कोणतंही घ्या, पण चुकायचं काम नाही.

समोर तीन मेंडोलिनं होती. दीडशे रुपयांचं हातात घेतलं अन् गडी विरघळलाच! बोट टेकायचा अवकाश, सूर लोण्यासारखा उतरे. ऐंशीचं बरं, पण जाड तारेवर दबकं. अन् चाळीसचं? बाप रे! तारा पडद्यांपासून इतक्या उंच, की दाबता दाबता बोटं चरचरली. आवाज पत्र्यावर खडे पडल्यागत.

"दीडशेचंच द्या," देवमन म्हणाला.

"थांबा जी," पंचफुला म्हणाली. "दुकानात सारंच गोड लागते. दिवसभर मजुरी करून आपल्या बाया येतात, त्या कुठं बसतात? पार मांगं. मी सडकेपल्याड उभी राह्यतो पाठ करून. आयकू आलं तं हात वर करीन."

ती गेली. मधे टांग्यांचा खडखडाट. देवमननं दीडशेचं छेडलं. हात वर नाही. तारा छेडायची नखी जोरानं मारली. तरी नाही. ऐंशीच्याला हात अर्धा उठला अन् टांगा येताच खाली गेला.

मग नाइलाजानं चाळीसचं उचललं. पहिल्याच फटक्याला पंचफुलाचा हात ताडकन वर!

देवमननं दीडशेच्याकडं पाहिलं अन् डोळे भरूनच आले त्याचे. "चाळीसचं बांधा," तो कसाबसा बोलला.

दुसऱ्या दिवशी परतवाड्यात तिसऱ्या गाण्याला त्याचं बोट फाटलं. थांबावं म्हणून त्यानं हात उचलला, तोच पार मागून एका बाईचा आवाज आला, "थांबू नको रे मेंडोलिनवाल्या, वाजव!"

मोतीरामांनी वळून देवमनकडं पाहिलं अन् पसंतीनं मान डोलावली. देवमननं बोटाला चिंधी गुंडाळली अन् पुन्हा नखी मारली.