पाच बोटांवरची रेघ

टोक

गुंता नेहमी टोकाकडून सोडवावा, मुळाकडून ओढला की केस जातो. म्हणून ही गोष्टही टोकाकडूनच.

टोकाला गाण्याच्या बाई. गेली चार वर्षं सोनेरी केस. पार्लरमध्ये शिरल्या आणि आरशापुढे रुमाल उघडला. आत तुटक्या केसांचा पुंजका.

"तुमच्याकडे येऊन पंधरा दिवस नाही झाले, आणि हे बघा! आता मी सगळ्यांना सांगणार."

पार्लर थोरलीचं. तिने पुंजक्याकडे पाहिलंच नाही. तिने पाहिलं धाकट्या बहिणीकडे. पंधरा दिवसांपूर्वी ब्लीच धाकटीनेच लावलं होतं. दोनच महिन्यांपूर्वी कामाला लागलेली, शिकून आलेली, हात चालू आणि तोंड त्याहून चालू.

मधला भाग

संशय असा एका दिवसात येत नाही. धाकटी फोन घेऊन मागच्या खोलीत जायची. थोरली आली की बोलणं थांबायचं. समोरच्या गल्लीत एक गाळा रिकामा होता, पार्लरला साजेसा. दोन आणि दोन चार होतात, कधीकधी पाचही.

"किती वेळ ठेवलंस गं डोक्यावर?" थोरलीने विचारलं.

"घड्याळ लावून."

"फोनवर होतीस तेव्हाही घड्याळ चालू होतं का?"

धाकटीने कंगवा खाली ठेवला. "ताई, सरळ बोल. मी बाईंचे केस जाळले, असंच ना?"

"मी कुठं म्हटलं?"

"डोळे म्हणतायत की."

बाई मध्येच, "अहो, भांडण नंतर करा, माझ्या केसांचं काय?"

धाकटीने एप्रनची गाठ सोडायला घेतली. थोरलीला वाटलं, हिला निमित्तच हवं होतं.

(इथे थोडं थांबू या. केसाच्या अंगावर कौलांसारखे बारीक खवले असतात, एकावर एक. ब्लीच ते उघडतं, आत शिरतं आणि आतला रंग काढतं. पण आतला गाभाही थोडा खातं. म्हणून नियम एकच: नव्याने उगवलेल्या काळ्या भागालाच लावायचं. आधी लावलेल्यावर पुन्हा गेलं, की त्या जागी केस दोनदा भाजला. मग रोजच्या विंचरण्यानेही कधीतरी तिथेच मोडतो.)

मूळ

"थांब," थोरली म्हणाली. बाईंना खुर्चीत बसवलं, एक बट उचलली. तुटलेली टोकं सगळी एकाच रेषेत, पट्टीने आखल्यासारखी. तिने आपली बोटं टाळूला आडवी टेकवली आणि मोजलं.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. बाई दर तीन महिन्यांनी येतात. धाकटीची चूक असती, तर रेघ तीन महिने आणि वरच्या पंधरा दिवसांच्या वाढीवर, म्हणजे अडीच बोटांवर हवी होती.

रेघ होती पाच बोटांवर, किंचित अलीकडे. म्हणजे आणखी तीन महिने जुनी, धाकटी यायच्या आधीची खेप. तेव्हा दुकानात थोरली एकटीच होती.

थोरलीने पुन्हा मोजलं, दुसऱ्या हाताने. हात बदलल्याने बोटं कमी होत नाहीत.

त्या खेपेला तिला काळा भाग कुठे संपतो ते नीट दिसत नव्हतं. चष्मा खणात होता. गिऱ्हाइकांसमोर तो लावला तर उद्या आजी म्हणतील, म्हणून अंदाजाने ब्रश फिरवला होता.

एप्रन धाकटीच्या हातात होता. आता बोलली नाही, तर ती दारातून गेली असती, आणि बाई जगाला धाकटीचंच नाव सांगत फिरल्या असत्या.

थोरलीने खण उघडला आणि आरशात बघून चष्मा लावला.

"बाई, हे माझ्या हातचं आहे. मागच्या खेपेचं. हिचा काही संबंध नाही. पाच बोटांच्या रेघेवर कापू या, वर नवा केस चांगला आहे. सहा महिने ब्लीच नाही."

बाईंनी पुंजक्यावर रुमाल मिटला.

थोरलीने आरशातूनच धाकटीकडे पाहिलं. "आणि तो फोन कुणाचा होता?"

"अजून संशय आहेच?"

"आहेच."

"गाळ्याचाच होता." धाकटीने एप्रन पुन्हा बांधला. "उद्या सांगते. आधी तो चष्मा पूस, काचेवर खणातली धूळ बसलीय."