चाळीस शब्द आणि एक कडी

संग्रहालयात तिला सगळे चावीवाली म्हणत. चौदा वर्षं तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि चौदा वर्षं ती रोजंदारीवरच होती. सकाळी इमारत उघडायची, काचा पुसायच्या, आणि लोक आले की त्यांना तिसऱ्या मजल्यावर नेऊन आगीची गोष्ट सांगायची. हे सांगायचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं. ते तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं, कारण ही इमारत पूर्वी कपडे शिवायचा कारखाना होती आणि तिथल्या आगीत गेलेल्या तेवीस बायकांमध्ये तिची थोरली बहीण होती.

सांगायची तिची एक पद्धत होती. लोकांना खोलीत उभं करायची, काळं पडलेलं लोखंडी दार ओढायची, बाहेरून कडी घालायची आणि मोठ्यानं वीसपर्यंत मोजायची. मग दार उघडून म्हणायची, "बायका वेळेआधी उठून जातील म्हणून मालक रोज ही कडी लावायला लावायचे. त्या दिवशी ताईचा डबा द्यायला मी वर आले होते. नऊ वर्षांची होते. कडी दिसली, डबा दाराशी ठेवला आणि घरी गेले. अर्ध्या तासानं धूर आला." एवढंच.

मग नवे साहेब आले. चष्मा कपाळावर, तोंडात सतत इंग्रजी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं की कडी लावण्याचा तमाशा बंद. आता परदेशी पाहुणे येणार, गाईडची कायम जागा निघणार, परीक्षा इंग्रजीतून. त्यांनी चावीवालीच्या हातात एक यादी ठेवली: इतिहासाबद्दल बोलण्यासाठी प्रगत इंग्रजी शब्द, एकूण चाळीस. खाली संग्रहालयाच्या अध्यक्षांची सही होती. अध्यक्ष म्हणजे कारखान्याच्या मालकांचे नातू. इमारत त्यांनीच देऊन टाकली होती आणि तसा फलक दारात लावून घेतला होता.

"हे शब्द वापरून गोष्ट सांगता आली तर जागा तुमची," साहेब म्हणाले. "नाही आली तर बाहेरून गाईड आणू. तुम्ही किल्ल्या सांभाळा. मग पाहुण्यांशी बोलायचं नाही."

पगाराचं तिनं सोसून नेलं असतं, पण ताईची गोष्ट तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडी जाऊ द्यायची नव्हती. त्या संध्याकाळपासून तिनं घोकंपट्टी सुरू केली. सून कपड्यांच्या घड्या घालता घालता अर्थ सांगायची आणि ही पुन्हा पुन्हा म्हणायची. टर्ब्युलंट म्हणजे खळबळीचं. अनरेस्ट म्हणजे अशांतता. कॅज्युअल्टी म्हणजे दगावलेली माणसं. लेगसी म्हणजे वारसा. रेझिलियन्स म्हणजे संकटातून पुन्हा उभं राहणं. जीभ वळत नव्हती, पण बाई हट्टाला पेटली होती. तीन आठवड्यांत चाळीसच्या चाळीस तोंडपाठ झाले.

आणि पाठ झाले तशी तिच्या डोक्यात तिडीक जायला लागली.

"अगं, एक विचारू?" ती सुनेला म्हणाली. "पगारासाठी बायका भांडल्या ती अशांतता. आग लागली ती दुर्दैवी घटना. तेवीस जणी जळाल्या त्या कॅज्युअल्टी. उरलेल्या घरी बसल्या ते रेझिलियन्स. आणि ज्यानं कडी लावायला लावली, त्याच्यासाठी यात शब्द कुठला?"

सुनेनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "नाही दिलेला, आई."

"चाळीस शब्द! चाळीस! आणि त्या एका माणसाला जागा नाही?"

"परीक्षेपुरतं म्हणा हो. एकदा कायम झालात की मग सांगा काय सांगायचं ते."

"एकदा का असं बोलायची सवय लागली की तोंड मग तसंच वळतं," चावीवाली म्हणाली आणि हातातली चादर तिनं इतक्या जोरात झटकली की सून दोन पावलं मागे सरली.

परीक्षेच्या दिवशी तिघं होती: साहेब, गुण द्यायला बोलावलेल्या इंग्रजीच्या बाई आणि स्वतः अध्यक्ष. कोट कडक, हसू मवाळ. चावीवालीनं त्यांना तिसऱ्या मजल्यावर नेलं, खोलीच्या मधोमध उभं केलं आणि इंग्रजीतून सुरुवात केली. टर्ब्युलंट झालं, अनरेस्ट झालं, ट्रॅजेडी झाली, लेगसी झाली. एक शब्द अडखळला नाही. बाई गुणांच्या कागदावर खुणा करत होत्या. अध्यक्षांनी तर मान डोलावली, जणू त्यांच्या घराण्याचं कौतुकच चाललं होतं. सगळं किती गुळगुळीत, किती स्वच्छ! ताई त्यात कुठेच नव्हती. चावीवालीला स्वतःच्याच आवाजाची किळस आली.

चाळिसावा शब्द झाला. साहेब म्हणाले, "एक्सलंट."

ती मागे सरत उंबऱ्याबाहेर गेली, दार ओढलं आणि कडी घातली.

आतून साहेबांचा आवाज आला, "हे काय? मी बंद केलं होतं ना हे!" ती मोजायला लागली. एक, दोन, तीन. सातच्या आसपास कुणीतरी दारावर थाप मारली. दहाला दोन्ही हातांनी. खोलीला खिडक्या होत्या, पण त्यांना जाळ्या होत्या आणि दुपारचं ऊन सरळ आत येत होतं. बाई म्हणत होत्या, "मला गुदमरल्यासारखं होतंय, प्लीज."

चौदाला अध्यक्षांचं इंग्रजी संपलं. "अहो, कडी काढा! आत माणसं आहेत!"

तिचा हात कडीकडे गेला आणि थांबला. पन्नास वर्षांपूर्वी हेच ओरडणं या दारातून बाहेर आलं असेल, आणि ती घरी पोचली होती. पंधरा, सोळा. तिचा आवाज फुटला, तरी ती मोजत राहिली.

वीस झाले. तिनं कडी काढली.

अध्यक्ष घामानं निथळत बाहेर आले. टाय सैल, चेहरा लालभडक. "कोणी?" ते ओरडले. "कोणी लावायला सांगितली ही कडी?"

"तुमच्या आजोबांनी," चावीवाली म्हणाली.

मग परीक्षा इंग्रजीतून होती हे तिला आठवलं. तिनं डोळे पुसले, सरळ उभी राहिली आणि बाईंच्या हातातल्या गुणांच्या कागदाकडे बघत म्हणाली, "युवर ग्रँडफादर, सर."