रिकामी घरघर

खरं सांगितलं तर कुणालाच पटायचं नाही—बोटांच्या चिमटीतला हा एवढासा दाणा, चाळणीच्या भोकात अडकून राहिलेला, एका अंगानं सोललेला नि दुसऱ्या अंगानं अजून तांबडा—आख्ख्या डाळमिलीत उरलेली तूर ती एवढीच. जिथं खोकलं तरी तुरीचा भुसा उडायचा, तिथं... शिवराजनं दाणा दाताखाली धरला, चावला मात्र नाही. खिशात टाकला आणि खटका ओढला.

पट्टा फडफडला, रोलर फिरू लागले. रिकामेच. हल्ली त्याचं काम तेवढंच—सकाळी नि दुपारी मशीन रिकामी फिरवायची. मिलीच्या मालकानं, सावकारानं, माणसं एकेक करून कामावरून काढली—बाहेरच्या देशातून तूर आलेली, मंदी, कुणाचं काही चालेना—आणि शेवटी शिवराजला बोलावून दार लोटून घेतलं. म्हणाला, "आवाज बंद पडला की गुलबर्ग्याचे व्यापारी म्हणतील, हे घर बुडालं. तू तेवढा आवाज चालू ठेव. आन् भायेर बोललास, की तुला बी गेट बंद."

मलाच का ठेवलं?—हा प्रश्न तो रोज उंबऱ्याला हात लावून कपाळाशी नेताना गिळून टाकी. उत्तर ठाऊक होतं. राजेश्वर गावापासून हुमनाबादपर्यंत त्याच्याएवढा थापाड्या दुसरा नव्हता. आपली म्हैस कानडीत रेकते असं त्यानं भर एसटीत शपथेवर सांगितलं होतं. सावकाराला नेमका तसलाच माणूस हवा होता. जन्मभर बायकोनं ज्या जिभेला शिव्या दिल्या, त्याच जिभेनं आता चूल पेटती ठेवली होती—देवा, उपकार आहेत तुझे, असं म्हणताना त्याचा आवाज मात्र चोरट्यासारखा बारीक होई.

भरलेला रोलर खालच्या सुरात गुरगुरतो, रिकामा किंचाळतो. त्या किंचाळण्यात माणसं असत. खुंट्यांवर अजून त्यांचे सदरे लटकलेले, भुशानं पिवळे, वाऱ्यानं हलणारे—आणि मशीन फिरू लागली की कुणी खाकरायचं, कुणी हाक मारायचं, मुकादम मडिवाळप्पा कानडीत काहीतरी ओरडायचा... शिवराज "आलो, आलो" म्हणून वळायचा. मागं सदरे. मग मी ओ दिली ती कुणाला? आणि ते सगळे रस्त्यावर असताना मी इथं काय म्हणून?... पुन्हा उंबऱ्याला हात. काम आहे, काम आहे बाबा. गप फिरव.

दुपारी मशीन थांबवून तो समोर हायवेला गुरुबाईच्या चहाच्या टपरीवर गेला. बाकड्यावर कल्लप्पा होताच. त्याच रोलरवर शिवराजच्या जोडीला असायचा. काढून टाकलं तरी रोज डबा घेऊन येई, न जाणो आज बोलावतील म्हणून. त्याच्या मांडीवरच्या डब्याकडे न बघता शिवराजनं तोंड सोडलं, "आज काय झालं सांगू का! एवढी तूर आली, एवढी आली, की रोलरला ठसकाच लागला. डाळ उडून पत्र्याला चिकटली. कबुतरं उलटी लटकून खायलीत!"

"हळू बोल की अण्णा," गुरुबाई हसली, "दूध नासंल माजं."

लॉरीवाले फिदीफिदी हसले. कल्लप्पा हसला नाही.

"आत माणसं किती हाईत, शिवराजण्णा?"

"भरलंय सगळं. मडिवाळप्पा बी आलाय. तुजा बी नंबर लागंल की... पुढच्या आठवड्यात."

"आज मशीन चालिवलीस?"

"मग! ऐकू आलं न्हाई व्हय?"

"आलं." कल्लप्पानं डबा बाजूला ठेवला. "आज अमावस्या हाय."

शिवराजच्या हातातला कप तसाच राहिला. अमावस्या. मशिनीला हळद-कुंकू, नारळ, आणि हमाल सगळे घरी. अमावस्येला खटका ओढणारा या मुलखात जन्मायचा होता.

"मडिवाळप्पा आत असता तर त्यानं तुजा हात धरला असता," कल्लप्पा म्हणाला. "अमावस्येला कुणाला मशिनीला शिवू दिलंय का त्यानं कधी?"

धरला असता... खरंच. इतके दिवस त्या घरघरीत जे खाकरत होते, हाका मारत होते, त्यांच्यातल्या एकालाही आज 'थांब' म्हणता आलं नाही. म्हणजे ते नव्हतेच—कधीच नव्हते. मीच एकटा ओरडत होतो, मीच ओ देत होतो... आता सावकाराच्या कानावर जाईल, गेट बंद होईल. भीती वाटायला हवी होती. ती यायची तो वाट बघत राहिला. पण मनगटापाशी काहीतरी ऊबदार जाणवत होतं, कुणी तरी खरोखरच धरल्यासारखं, आणि ते सुटू नये एवढंच वाटत होतं. एखादी थाप सुचते का म्हणून त्यानं तोंड उघडलं. बोटं मात्र खिशातल्या त्या एका दाण्याशी गेली.

कल्लप्पा उठून उभा राहिला, आणि पार लॉरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"आत कुणीच न्हाई न्हवं, अण्णा? कामून खोटं बोलायलास?"